पाटा जाड केला म्हणून गाडी दणकट होत नाही



ऊस ओढणाऱ्या ट्रकांबद्दल आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबद्दल या पानांवर नेहमीच लिहिले जाते. या वेळी आम्ही एका लहान वाहनाकडे वळत आहोत. ते म्हणजे पिकअप. आज ती वस्तीवस्तीवर उभी दिसते. बेणे, खताची पोती, शेणखत, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन, जनावरांसाठी वाढे आणि यात्रेच्या दिवसांत घरची मंडळी, सारे काही तीच ओढते. डांबरी रस्त्यावर ती चालते कमी. पाणंदीत, बांधावरून आणि पाटाच्या कडेने जास्त. थोडक्यात, शहरातील हौशी लोक ज्याला ‘ऑफ-रोड’ म्हणतात ते आपल्या पिकअपचे रोजचेच काम आहे.

या गाडीबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच, पाटे तुटतात. तिच्यावर पारावरच्या कट्ट्यापासून गॅरेजपर्यंत सांगितला जाणारा उपायही एकच, “एक जाड पाटा वाढवून घ्या, मग काय होतंय त्याला!” या उपायाविषयी आज सविस्तर लिहायचे आहे. आमच्या मते तो अर्धा खरा आहे आणि उरलेला अर्धा पैशाला व जिवाला धोक्याचा आहे.

पाटे एकावर एक का?

गाडीखालचे पाटे आपण रोज पाहतो, पण एकच जाड पट्टी न घालता पाच-सात पातळ पाटे का रचतात, हा प्रश्न सहसा पडत नाही. शंकरपाळ्याच्या आकाराचा एक मोठा पोलादी पत्रा डोळ्यांपुढे आणा. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता. त्याला मधोमध टेकू देऊन दोन्ही टोके दाबली तर तो सगळीकडे सारखा ताण घेतो, कारण वाकवण्याचा जोर जिथे जास्त तिथे त्याची रुंदीही जास्त. पण एवढा रुंद पत्रा गाडीखाली मावायचा कसा? म्हणून त्याच्या पट्ट्या कापून एकावर एक रचल्या, सर्वांत लांब वर आणि सर्वांत आखूड खाली. हाच आपला पाट्यांचा संच. वरचा तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळवलेले असतात. एक डोळा चासीच्या हँगरला पिनेने बसतो आणि दुसरा शॅकलला, कारण दबल्यावर पाटा सरळ होऊन लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते.

आता जाडीचे पाहू. बांबूची कामटी हातात धरून वाकवा, ती कमानीसारखी वाकते आणि परत सरळ होते. तोच अख्खा बांबू तेवढाच वाकवायला गेलात तर तडकतो. वस्तू जितकी जाड तितका, तेवढ्याच वाकण्यात, तिच्या पृष्ठभागावर येणारा ताण जास्त. पोलादाचेही तसेच आहे. समजा, संचातील पाटे ८ मिलिमीटरचे आहेत आणि त्यांत आपण १० मिलिमीटरचा एक बसवला. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून तो एकटा जवळजवळ दोन जुन्या पाट्यांइतका भार उचलतो. इथवर गॅरेजवाला बरोबर आहे. पण सगळा संच एकत्रच वाकतो, त्यामुळे या जाड पाट्यावर शेजाऱ्यापेक्षा सव्वापट ताण येतो. पुढे जेव्हा काही तुटायची वेळ येते तेव्हा हा नवा जाड पाटाच आधी जाण्याचा संभव असतो, आणि मालक म्हणतो, “माल डुप्लिकेट दिला.” माल खराब असू शकतो, नाही असे नाही. पण चांगल्या मालाचेही हेच होते.

नव्या काही गाड्यांना दोन-तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले. त्यांना पॅराबोलिक पाटे म्हणतात. कापलेल्या शंकरपाळ्याचे काम तिथे जाडी कमी करत नेऊन साधलेले असते आणि पाटे एकमेकांवर घासतही नाहीत. अशा संचात सपाट पाटा सारणे म्हणजे मूळ रचनाच बिघडवणे होय.

एका धक्क्याने नव्हे, लाख धक्क्यांनी

“काल बांधावरून उतरताना पाटा तुटला,” असे आपण म्हणतो. खरे तर बहुतेक वेळा तो काल फक्त दोन तुकडे झाला. तुटायला लागून महिने लोटलेले असतात. हे ज्ञान लोकांना फार मोठी किंमत देऊन मिळाले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. आस चांगल्या लोखंडाचा होता, भारही नेहमीचाच होता, मग तो तुटला का? अशा प्रश्नांवर पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर याने १८५० नंतरची अनेक वर्षे प्रयोग केले. त्याने दाखवले की एका वेळी सहज पेलणारा भारसुद्धा पुन्हा पुन्हा दिला तर लोखंड थकते. ताण थोडा कमी केला तर ते कितीतरी पट जास्त टिकते आणि थोडा वाढवला तर आयुष्य झपाट्याने घटते. घरी करून पाहायचे असेल तर बांधकामाची तार घ्या. पुरती दुमडून उलटी-सुलटी केली की ती थोड्याच वेळात तुटते. जरा-जराच हलवली तर हात दुखेल, पण तार तुटणार नाही.

आता आपला हिशेब मांडू. वस्तीपासून डांबरी सडक ३ किलोमीटर आहे आणि पाणंदीत दर ५ मीटरला एक खड्डा किंवा दगड आहे असे धरा. एका वाटेला ६०० धक्के, जाऊन-येऊन १२००. दिवसाला दोन खेपा म्हणजे २४००. असे १५० दिवस गाडी चालली तर धक्के ३ लाख ६० हजार. यातला प्रत्येक धक्का पाटा वाकवतो आणि सोडतो. गाडीत दीड टनाऐवजी अडीच टन माल असेल तर या लाखो धक्क्यांतील प्रत्येक धक्का मोठा होतो. ताण चौथाईने वाढला म्हणून आयुष्य चौथाईनेच घटत नाही. ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येऊ शकते.

त्यात आणखी एक गोष्ट. स्प्रिंगच्या ताणकाट्यावर पोते अलगद टेकवले तर काटा ५० किलोवर थांबतो. तेच पोते काट्याला लावून एकदम हात सोडला तर काटा क्षणभर १०० च्या जवळ जाऊन मागे येतो. एकदम आलेला भार दुप्पट काम करतो, आणि उंचावरून आदळलेला त्याहून जास्त. म्हणून भरलेली गाडी पाण्याचा पाट ओलांडताना वेगात घातली की गाडीच्या पाट्यावर दीड टन नसतात, तीन किंवा चार टन असतात. ड्रायव्हरने तिथे दुसरा गिअर सोडून पहिला टाकला तर तेवढा फायदा कोणताही जाड पाटा देत नाही.

जुन्या मंडळींना जीपचा दणकटपणा आठवतो. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेल्या या गाडीची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांकडे सुरू झाली, आणि पुढे तिच्याच वंशातल्या गाड्यांत वडापवाल्यांनी माणसे कशी कोंबली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण अमेरिकन लष्कराच्या दप्तरी या जीपचे नाव होते ‘पाव टनी ट्रक’. पाव टन, म्हणजे पाच पोती! तिच्या दणकटपणाच्या कथांत ही बाब कुणी सांगत नाही. ती टिकली याचे एक कारण, तिच्यावर किती घालायचे हे ठरलेले होते.

पाट्याचे पाणी

पाट्याचे पोलाद साध्या लोखंडासारखे नसते. त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो आणि बऱ्याच प्रकारांत सिलिकॉन दीड ते दोन टक्के. ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते तेलात विझवतात आणि पुन्हा ४५० ते ५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो ते हेच. किंबहुना आपल्या तोडणी मजुरांच्या हातातला कोयता बऱ्याचदा जुन्या पाट्यापासूनच बनलेला असतो, इतके हे पोलाद चांगले. एवढ्यावर न थांबता, ज्या बाजूला ताण येतो तिच्यावर कारखान्यात पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग दाबला जातो आणि चीर लवकर पडत नाही.

आता तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारले तर काय होईल, हे कोयत्याचे पाणी जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. जोडाशेजारी एका ठिकाणी पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, तर थोडे पलीकडे पाणी उतरून मऊ पडते. पाटा पुन्हा तुटतो, आणि तो जोडावर न तुटता जोडाच्या कडेला तुटतो. मग वेल्डरही म्हणायला मोकळा, “माझा जोड बघा, जसाच्या तसा आहे.” बसलेला पाटा भट्टीत लाल करून ठोकून कमान काढून देण्याचीही हीच गत. कमान दिसते छान, पण दिलेले पाणी आणि छऱ्यांचा मारा दोन्ही वाया गेलेले असते. चार खेपांत पाटा पुन्हा सपाट. पाट्याच्या जवळपास चासीला किंवा हौद्याला वेल्डिंग करायचे असेल तर ठिणग्या पाट्यावर उडू देऊ नका. एवढासा डागसुद्धा चिरेची सुरुवात ठरतो.

तुटण्याची जागा बदलते

आता मूळ मुद्द्यावर येऊ. समजा, चांगल्या प्रतीचे दोन जाड पाटे दोन्ही बाजूंना घातले आणि ते तुटले नाहीत. तर काय झाले? पाट्याचे काम भार उचलण्याचे तर आहेच, पण वाकून धक्का गिळण्याचेही आहे. तो वाकेनासा झाला की धक्का पुढे जातो. आधी शॅकलची पिन आणि बुश जातात. मग हँगरचे रिवेट ढिले होतात, हँगरपाशी चासीला केसासारखी बारीक चीर पडते, एक्सलचे हाउसिंग वाकते, चाकाचे बेअरिंग ओरडू लागते. पाटा बदलण्यात एक दिवस जातो. चासीला मात्र धड दुरुस्ती नाही.

हा अनुभव आपल्याकडचाच नाही. ऑस्ट्रेलियात अशाच पिकअप गाड्या घेऊन लोक रानोमाळ फिरतात. गाडी मागून बसू नये म्हणून काहींनी पाटा आणि चासी यांच्यामध्ये रबरी हवापिशव्या बसवल्या आणि मागे भरपूर सामान व ओढायची जड कॅरॅव्हॅन जोडली. गाडी दिसायला समतल झाली. पण पाटा चासीला पुढे-मागे दोन ठिकाणी रेटतो, तिथे आता पिशवी मधल्या एकाच ठिकाणी रेटू लागली, आणि मागे लोंबणाऱ्या भाराने चासीच वाकल्या. अशा वाकलेल्या पिकअप तिथे ओळखीची बाब झाली आहे. टोयोटाची हायलक्स १९६८ पासून निघते आणि जगभर खडतर कामासाठी नावाजलेली आहे. तिच्याही मागे पाटेच आहेत आणि तिलाही भाराची मर्यादा आहेच.

याहून गंभीर बाब ब्रेकची. अनेक पिकअपना मागच्या एक्सलजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला आणि चासी खाली बसली की ही दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी मिळतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत. आता पाटे वाढवून गाडी मागून उचलली. दोन टन माल भरला तरी ती बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामीच आहे! दोन टनांची गाडी उतारावर पुढच्याच ब्रेकच्या जिवावर थांबू पाहते. घाटात उतरणाऱ्या गाडीत मागे घरची माणसे बसलेली असतील तर याचा अर्थ काय, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही. पाटे बदलून आलेल्या सभासदाने मिस्त्रीला एवढे तरी विचारावे, “व्हॉल्व्हची दांडी पाहिलीस का?” बरेच मिस्त्री पाहत नाहीत.

तरुण मंडळींत हल्ली गाडी उंच करण्याची हौस आहे. पाटा आणि एक्सल यांच्यात लोखंडी ठोकळे घालतात किंवा लांब शॅकल बसवतात. ब्रेक मारताना आणि जोर लावताना एक्सल फिरू पाहतो, आणि ठोकळा जितका उंच तितका तो पाट्याला जास्त पीळ देतो. गाडीचा तोलही वर जातो, तो वेगळाच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा आधी काढते.

किती आणि कुठे भरायचे

आर.सी. बुकात गाडीचे रिकामे वजन आणि भरल्या वजनाची मर्यादा दोन्ही लिहिलेली असतात. वजाबाकी केली की आपला माल किती ते कळते, मात्र त्यातच ड्रायव्हर आणि मागे बसलेले चार गडीही आले. एका एकराच्या लागणीला दोन डोळ्यांच्या टिपरीचे बेणे साधारण अडीच ते तीन टन लागते. दीड टनाच्या गाडीने त्याच्या दोन खेपा होतात. “एकाच खेपेत उरकू” म्हटले की डिझेल वाचते खरे, पण पाणंदीत मेन पाटा गेला तर बेणे उन्हात सुकते आणि बांधावर बसलेल्या मजुरांचा रोज फुकट जातो.

भार कुठे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. बेण्याच्या मोळ्या हौद्याच्या फळीबाहेर लोंबत असतात. समजा, ४०० किलो माल मागच्या एक्सलच्या मागे १ मीटरवर आहे आणि दोन एक्सलमधील अंतर ३ मीटर आहे. तर मागच्या पाट्यांवर ४०० नव्हे, सुमारे ५३३ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे १३३ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळे, आणि ड्रायव्हरला वाटते गाडी मस्त चाललीय. पाण्याची टाकी असेल तर १००० लिटर म्हणजे १ टन, आणि अर्धी टाकी हिंदकळत असेल तर ती भरलेलीपेक्षा त्रासदायक. जड माल पुढे, केबिनच्या बाजूला घ्यावा. शक्य असेल तेव्हा वजनकाट्यावर मागची चाके तेवढी ठेवून एकदा वजन पाहावे. आकडा पाहून पुष्कळांचे डोळे उघडतात.

रविवारचा अर्धा तास

यासाठी मिस्त्री लागत नाही. गाडी धुऊन सपाट जागी लावा आणि खाली डोकवा. पाट्यांच्या कडेला उभी काळी किंवा गंजाची रेघ दिसली तर ती चीर समजा. आखूड पाट्याचे टोक वरच्या पाट्यावर घासून जिथे खाच पडते तिथे आणि मध्ये सेंटर बोल्टच्या भोकापाशी विशेष लक्ष द्या. सेंटर बोल्ट हा पाटे आणि एक्सल जागेवर धरण्यापुरता असतो. खरी पकड यू-बोल्टची. यू-बोल्ट ढिले झाले की पाटा मध्येच, भोकावर, हलू लागतो आणि भोक ही तर त्याची सर्वांत कमजोर जागा. यू-बोल्टच्या बुडाशी लालसर गंजाची धार दिसली तर तिथे हालचाल आहे असे समजावे.

एक दोरी घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर पुढची चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंना मोजा. फरक आला तर एक्सल सरकला आहे. गाडी रस्त्याने तिरकी चालते, टायर एका कडेने खातात, ते यामुळे. शॉक-अॅब्सॉर्बर भार उचलत नाही, उसळी मारतो. त्यातले तेल गळून गेले असेल तर एका खड्ड्याला पाटा एकदा नव्हे, चार-पाच वेळा हलतो आणि वरचा आपला ३ लाख ६० हजारांचा हिशेब कितीतरी पट होतो. चासीखालचा रबरी बफर फाटला असेल तर लगेच बसवा, तो स्वस्त आहे. पाट्यांवर जळके ऑइल ओतण्याची पद्धत सोडून द्यावी. खनिज तेलाने बुशांचे रबर फुगून मऊ पडते आणि तेलाला धूळ चिकटून तिची घासणारी लापशी होते. पुढच्या चाकाला बॉलजॉइंट असतील तर जॅक लावून चाक हलवून पाहा. खडखडले तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका. पाटा तुटला तर गाडी बसते, पण बॉलजॉइंट निखळला तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

पाटे बदलायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, मूळ जाडीचे, मूळ संख्येचे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, म्हणून तेही नवे घ्यावेत. नवा संच बसवल्यावर पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड थोडी सैल पडते, तेव्हा पहिल्या दोन-चारशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा गॅरेजला नेऊन यू-बोल्ट आवळून घ्यावेत. हे काम मिस्त्री सहसा आपणहून सांगत नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.